बॅलेचे भक्त

सेंट पीटर्सबर्ग ही रशियाची राजधानी होती, त्या काळची एक आख्यायिका आहे. पॅरिसमध्ये कीर्तीच्या शिखरास पोचलेली मारी ताल्योनी ही नर्तकी 1837 साली त्या नगरीत आली, पाच हंगाम नाचली, आणि 1842 साली तेथील रसिकांचा निरोप घेऊन निघाली. ती गेल्यावर तिच्या पायांतील रेशमी जोड्यांपैकी एक जोड दोनशे रूबलांस विकला गेला. तो विकत घेणाऱ्या भक्तमंडळींनी तो काचेच्या कपाटात जपून ठेवला असेल, असे वाचकांस वाटेल. परंतु त्यांनी तो एका आचाऱ्याच्या स्वाधीन केला. त्याने तो शिजविला, त्यावर मसालेदार रस्सा ओतला, आणि त्या मंडळींनी तो समारंभपूर्वक भक्षण केला. चव कशी लागली, याविषयी मात्र आख्यायिका मौन पाळते.

ही आख्यायिकाच खरी. तथापि बॅलेच्या इतिहासग्रंथांतून ती पुनःपुन्हा सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्यास कोणी वेड्यात काढीत नाही. याचे कारण, असे करू शकतील असे प्रेक्षक त्या नगरीत खरोखरच होते. रशियन लोकांनी त्यांना ‘बालेतोमान’, म्हणजे बॅलेचे वेड लागलेला मनुष्य, असे नावच देऊन टाकले होते. 1934 साली आर्नोल्ड हॅस्केल या इंग्रज लेखकाने ‘बॅलेटोमेनिया’ या नावाचे पुस्तक लिहून त्या वेडाला इंग्लंडातही प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्या भाषेत ‘नाटकवेडा’ हा शब्द आहेच; तो उच्चारताना आपण थोडे हसतो, आणि थोडा हेवाही करतो. प्रस्तुत लेखक स्वतः या पंथाबाहेरचा नाही, हे प्रारंभीच कबूल करणे बरे. म्हणूनच त्या पंथाचा इतिहास चाळून पाहावा, आणि हे वेड त्या कलेच्या कामी कितपत आले व तिला कितपत महागात पडले याचा हिशेब मांडावा, असे मनात आले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चित्रकार गेला तरी चित्र भिंतीवर राहते. कवीचे काव्य छापून निघते. गवयाच्या चिजेला निदान शब्द आणि स्वर यांचा आधार असतो. नृत्य मात्र पडदा पडताच संपते, आणि मागे काहीच ठेवीत नाही. बॅलेतील पदन्यास लिहून ठेवण्याच्या खटपटी पूर्वीपासून झाल्या होत्या. परंतु रशियन नर्तक स्तेपानोव्ह याने आपली लेखनपद्धती 1892 साली प्रसिद्ध करीपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, ही विद्या मुख्यतः गुरूच्या अंगातून शिष्याच्या अंगात उतरत गेली. चलच्चित्रे तर फार पुढची. मध्यंतरीच्या काळात आज रात्री कोण कसे नाचले, याची खतावणी एकाच ठिकाणी लिहिली जात होती: पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नटांची आणि रंगमंडपाची लक्षणे सांगितली, तशी प्रेक्षकाचीही सांगितली आहेत. पात्राच्या आनंदाने जो आनंदित होतो, शोकाने शोकाकुल होतो, तोच खरा प्रेक्षक, असा त्यांचा आशय आहे. बॅलेच्या बाबतीत या लक्षणांत आणखी एकाची भर घालावी लागेल: जो पाहिलेले विसरत नाही तो.

आता पॅरिसकडे वळू. 12 मार्च 1832 या दिवशी तेथील ऑपेरागृहात ‘ला सिल्फीद’ हा बॅले प्रथम रंगभूमीवर आला. स्कॉटलंडमधील एक तरुण आपली वाग्दत्त वधू सोडून एका वायुरूप अप्सरेच्या मागे लागतो आणि शेवटी दोघींनाही मुकतो, एवढीच कथा. पण त्या अप्सरेच्या भूमिकेत ताल्योनी होती. शुभ्र, विरविरीत झगा घालून, पायांच्या बोटांच्या अग्रांवर तोल सावरीत ती गॅसच्या मंद प्रकाशात आली, तेव्हा माणसाच्या देहाला वजन असते हेच लोक विसरले. अग्रांवर उभे राहणाऱ्या नर्तकी तिच्यापूर्वीही होत्या. परंतु त्या कसरतीला काव्याचा अर्थ तिने दिला. त्या हलकेपणामागे तिच्या पित्याची कठोर शिस्त होती. पदार्पणापूर्वी त्याने तिच्याकडून दिवसाला सहा सहा तास मेहनत करून घेतली होती. प्रेक्षकांना त्या घामाचा मागमूसही लागत नव्हता, आणि तो लागू न देणे हेच या कलेचे पहिले व्रत आहे.

दोन वर्षांनी व्हिएन्नाची फॅनी एल्सलर त्याच रंगभूमीवर आली, आणि पॅरिसच्या रसिकांत दोन तट पडले. तेओफील गोत्ये हा कवी आणि टीकाकार एल्सलरच्या बाजूचा. ताल्योनीची कला ख्रिस्ती, म्हणजे स्वर्गाकडे डोळे लावलेली, आणि एल्सलरची मूर्तिपूजक, म्हणजे पृथ्वीवर पाय रोवलेली, असा भेद त्याने केला, आणि तो आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. 1838 साली पाँडिचेरीच्या परिसरातील देवदासींचा एक छोटा मेळा पॅरिसला गेला, तेव्हा हाच गोत्ये त्यांतील अम्मणी नावाच्या तरुणीच्या नृत्याने भारावून गेला आणि त्याने तिच्यावर रसाळपणे लिहिले. अनोळखी कलेपुढे आपले मोजमाप बाजूला ठेवण्याची तयारी, हा रसिकाचा एक मोठा गुण होय, आणि तो त्याच्यात होता. पुढे कार्लोत्ता ग्रिसी या नर्तकीवर त्याचे मन जडले. तिच्यासाठी त्याने साँ-जॉर्ज याच्या सहकार्याने ‘जिझेल’ची कथा रचली. 28 जून 1841 रोजी तो बॅले रंगभूमीवर आला आणि आजतागायत जगभर होतो आहे. प्रेक्षकांतल्या एका भक्ताने लेखणी उचलली आणि त्या कलेस तिचे एक अमर लेणे मिळाले. भक्तीची याहून सुंदर फलश्रुती क्वचितच सापडेल.

या वेडाची हास्यास्पद बाजूही सांगावयास हवी. एल्सलर 1840 साली अमेरिकेस गेली, तेव्हा चाहत्यांनी तिच्या गाडीचे घोडे सोडून गाडी स्वतः ओढली. आणि वॉशिंग्टनमध्ये तिचा खेळ असला की लोकप्रतिनिधींच्या सभेस पुरेशी संख्या जमेनाशी होई, असे सांगतात. लंडनमध्ये 12 जुलै 1845 रोजी ताल्योनी, चेरीतो, ग्रिसी आणि ग्रान अशा चार नामांकित नर्तकी एकाच नृत्यात उतरल्या. तेव्हा सर्वांत मानाचे, म्हणजे शेवटचे, स्थान ताल्योनीला देण्यास कोणाची हरकत नव्हती. पण तिच्या आधीच्या स्थानासाठी चेरीतो आणि ग्रिसी हट्टास पेटल्या. नाट्यगृहाचा चालक लम्ली याने तोडगा सुचविला की, दोघींत जी वयाने मोठी असेल तिने ते स्थान घ्यावे. क्षणार्धात दोघीही कमालीच्या विनयशील झाल्या! ही मौज झाली. पण या हट्टाला खतपाणी घालणारे प्रेक्षकांतील तटच होते, हे विसरून चालणार नाही.

यापुढचा भाग मौजेचा नाही. 1831 साली डॉक्टर व्हेराँ हे पॅरिसच्या ऑपेरागृहाचे चालक झाले, आणि रंगभूमीमागील ज्या दालनात नर्तकी अंग मोकळे करीत, त्याचे दार त्यांनी वर्षाची वर्गणी भरणाऱ्या धनिकांस उघडून दिले. नर्तकी बहुतेक गरीब घरांतल्या. त्यांतल्या लहान मुलींना तर ‘उंदीर’ असेच म्हणत. द्गा या चित्रकाराच्या चित्रांत पडद्याआड उभे असलेले काळ्या कोटातले गृहस्थ दिसतात, ते हेच. हेही स्वतःस नृत्याचे भोक्ते म्हणवीत; पण त्यांच्या दृष्टीने नृत्य हे विक्रीस मांडलेल्या मालाची जाहिरात होते. 1861 च्या मार्चमध्ये वाग्नरचे ‘टानहॉयझर’ हे संगीतनाट्य पॅरिसला झाले. जॉकी क्लबच्या सभासदांची वहिवाट अशी की, घरी सावकाश जेवून दुसऱ्या अंकाच्या सुमारास यावयाचे, आणि त्या अंकात आपल्या आवडत्या मुली नाचताना पाहावयाच्या. वाग्नरने कथेच्या ओघास धरून नृत्य पहिल्याच अंकात घातले. झाले! या रसिकाग्रणींनी शिट्या फुंकून असा गोंधळ माजविला की, तीन प्रयोगांनंतर वाग्नरला ते नाटक मागे घ्यावे लागले. ज्यांना नृत्याचे स्थळ हवे होते पण नृत्याचा अर्थ नको होता, अशा भक्तांचे हे चरित्र आहे.

याच्या दुसऱ्याच वर्षी जे घडले, ते मात्र त्या धनिकांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. एमा लीव्री ही ताल्योनीची लाडकी शिष्या. वृद्धत्वाकडे झुकलेल्या ताल्योनीने तिच्यासाठी 1860 साली ‘ल पापियाँ’, म्हणजे फुलपाखरू, हा बॅले स्वतः बसविला होता. त्या काळी रंगभूमीवर गॅसच्या उघड्या ज्योती असत, आणि विरविरीत झग्यांस आग लागून नर्तकी दगावत. यासाठी कापड विशिष्ट द्रावणात बुडवून आगीस न जुमानणारे करावे, असा सरकारी नियमही झाला होता. परंतु त्या द्रावणाने कापड ताठर आणि मळकट दिसे. लीव्रीने ते वापरण्याचे साफ नाकारले, आणि परिणामाची जबाबदारी स्वतःवर घेऊन चालकांस तसे लेखी कळविले. 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीच्या वेळी तिच्या झग्याने पेट घेतला. आठ महिने यातना भोगून 26 जुलै 1863 रोजी ती वारली. तिचे वय अवघे 20 वर्षांचे होते. तिच्या जळक्या वस्त्राचे अवशेष पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत.

तिला कोणी सक्ती केली नव्हती, हे खरे. पण तो झगा शुभ्र आणि वाऱ्यासारखा हलका दिसावा, असा आग्रह तिच्या मनात कोठून आला? ‘ला सिल्फीद’पासून तीस वर्षे प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून तो आग्रह वाढविला होता. तिसऱ्या मजल्यावरील प्रामाणिक, निष्कांचन रसिकही त्या टाळ्यांत सामील होता. जे आपल्याला सुंदर वाटते त्याची किंमत दुसरे कोणी देत असते, आणि किती देत असते हे आपल्याला खुर्चीवरून दिसत नाही. बॅले पाहावयास जाताना ही जाणीव बरोबर असावी, असे मला वाटते.

ज्या पॅरिसने ‘जिझेल’ जन्मास घातला, त्या पॅरिसच्या रंगभूमीवरून तो 1868 नंतर नाहीसा झाला. वर्गणीदार आपापल्या जागी होते, दालनाचे दारही उघडे होते. पण जुना बॅले राखून ठेवावा असे कोणास वाटले नाही. तो वाचला तो रशियात. तेथे मारियस पेटिपा या फ्रेंच नृत्यरचनाकाराने त्याची डागडुजी करीत तो रंगभूमीवर जिवंत ठेवला, आणि 1910 साली एका रशियन मंडळीनेच तो पुन्हा पॅरिसला नेऊन दाखविला. ताल्योनीचा ‘ला सिल्फीद’ तर असा विस्मृतीत गेला की, 1972 साली पिएर लाकोत याने तो पॅरिसला पुन्हा उभा केला तेव्हा जुनी चित्रे, टिपणे, आणि ज्यांनी तो पाहिला होता त्यांची वर्णने यांवरच त्याला मुख्यतः विसंबावे लागले. डेन्मार्कमध्ये त्याच कथेचा दुसरा एक बॅले 1836 पासून अखंड होत आला आहे. तो रचणारा बूर्नोंव्हील याने ताल्योनीचा प्रयोग पॅरिसला प्रेक्षक म्हणून पाहिला होता. म्हणजे मूळ वस्तू नष्ट झाली, आणि पाहणाऱ्यांनी जे मनात नेले तेवढे शिल्लक राहिले.

रशियात तो का टिकला, याची उत्तरे अनेक आहेत. झारच्या खजिन्यातून मिळणारा पैसा हे त्यांतले पहिले. नृत्यशाळेची शिस्त हे दुसरे. परंतु तेथील प्रेक्षक हे तिसरे, आणि आपल्या विषयाचे, उत्तर आहे. सेंट पीटर्सबर्गला बुधवार आणि रविवार हे बॅलेचे दिवस. तामारा कार्साविना या नर्तकीने आपल्या आठवणींत या प्रेक्षकांचे मोठे मार्मिक चित्र रेखाटले आहे. पुढील खुर्च्या वर्गणीदारांच्या असत, आणि त्या पित्याकडून पुत्राकडे वतनासारख्या चालत येत. त्यांत कॉन्स्तांतिन स्काल्कोव्स्की हा एक होता. हा गृहस्थ पेशाने खाणशास्त्रज्ञ, सरकारी खाण-खात्यातला बडा अंमलदार. पण 1882 साली त्याने बॅलेचा इतिहास आणि ललितकलांतील त्याचे स्थान यांवर ग्रंथ लिहिला. दुसरा सेर्गेई खुदेकोव्ह, एका वृत्तपत्राचा संपादक. पेटिपाच्या 1877 सालच्या ‘ला बायादेर’ या बॅलेच्या कथेत त्याचा हात होता. त्यातला हिंदुस्थान, तेथील ब्राह्मण, राजा आणि मंदिरातील नर्तकी ही आपल्याला ओळखू येणार नाहीत इतकी काल्पनिक आहेत. पण शुभ्रवसना छायामूर्तींची लांबच लांब रांग उतरणीवरून एकेक पाऊल टाकीत खाली येते, तो प्रसंग एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही. याच खुदेकोव्हने पुढे नृत्याचा चार खंडांचा इतिहास लिहिण्यात आयुष्य वेचले.

या जाणकारांचा धाकही मोठा. कोणत्या नर्तकीने कोणता पदन्यास कसा घेतला, गतवर्षीपेक्षा हात किंचित खाली आला की काय, हे सारे मध्यंतरात तावून सुलाखून निघे. 1893 साली पिएरीना लेन्यानी या इटालियन नर्तकीने एका पायाच्या अग्रावर उभे राहून, दुसऱ्या पायाच्या झोताने, लागोपाठ बत्तीस गिरक्या घेतल्या. 1895 साली ‘हंससरोवर’ या बॅलेत तिने त्या पुन्हा घेतल्या, आणि त्या भूमिकेत बत्तीस गिरक्यांची परंपराच पडली. तेव्हापासून जगातील प्रत्येक बॅलेगृहात या ठिकाणी लोक मोजू लागतात. मीही मोजल्या आहेत. परदेशी एका नाट्यगृहात सर्वांत वरच्या गॅलरीत बसून मी ‘हंससरोवर’ पाहत होतो. काळी हंसी गिरक्या घेऊ लागली आणि माझे ओठ हलू लागले; शेजारच्या वृद्ध बाईंचेही हलत होते. बत्तीस भरल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मला एकदम कळले की, त्या गिरक्यांनी राजपुत्राची फसगत होत होती, तो आपले वचन मोडीत होता, तो क्षण मी पाहिलाच नाही. मी हिशेब करीत होतो. शेजारच्या बाईंना मी हे बोलून दाखविले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी गेली चाळीस वर्षे मोजते आहे. पण शेवटच्या अंकात मला रडू येते, तेव्हा कधी आकडा आठवत नाही.” जाणकारीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंवर याहून नेमके भाष्य मी वाचलेले नाही.

पीटर्सबर्गची खरी संपत्ती या जाणकारांच्याही वर, गॅलरीत होती. तेथे विद्यार्थी, कारकून, शाळकरी पोरे दाटीवाटीने बसत आणि घसा बसेपर्यंत नर्तकीच्या नावाचा पुकारा करीत. तशा वयातल्याच एका मुलाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1885 साली व्हिर्जीनिया झुक्की ही इटालियन नर्तकी तेथे आली, आणि तिच्या अभिनयाने अलेक्सांद्र बेन्वा हा पंधरा वर्षांचा मुलगा अक्षरशः झपाटला गेला. 1890 साली पेटिपाचा, चायकोव्स्कीच्या संगीतावरचा, ‘निद्रिस्त सुंदरी’ हा बॅले आला. बेन्वा तो पुनःपुन्हा पाहावयास गेला आणि आपल्या सोबत्यांनाही ओढून नेऊ लागला. हे सोबती आणि त्यांना पुढे येऊन मिळालेला दियागिलेव्ह यांनीच 1909 पासून रशियन बॅले पॅरिसला नेऊन युरोपच्या रंगभूमीचे रूप पालटले. आपल्या त्या वेळच्या वेडाची लागण मित्रांना झाली नसती तर ते पुढचे कार्य झालेच नसते, असे बेन्वाने वार्धक्यात आपल्या आठवणींत म्हटले आहे. त्याच बॅलेला एक गरीब धोबीण आपल्या सुमारे आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गेली होती. ती मुलगी परत आली ती नर्तकी होण्याचा निश्चय करूनच. तिचे नाव आन्ना पाव्हलोव्हा.

1917 साली क्रांती झाली आणि वतनी खुर्च्या गेल्या. नाट्यगृहे थंडीने गारठली. प्रेक्षक अंगावरचे कोट न उतरविता बसू लागले, आणि पातळ वस्त्रांतल्या नर्तकी कुडकुडत नाचू लागल्या. प्रेक्षकही बदलले. कालपर्यंत ज्यांनी त्या इमारतीत पाऊल टाकले नव्हते, असे कामगार आणि शिपाई आता मखमली खुर्च्यांवर येऊन बसले. मॉस्कोचे बोल्शोई नाट्यगृह खर्चापायी बंद करावे, असा विचार 1922 च्या सुमारास खुद्द लेनिनच्या मनात होता. शिक्षणमंत्री लुनाचार्स्की याने नेट धरला म्हणून ते वाचले. झारच्या दरबाराचे हे लेणे नव्या राज्यात टिकते ना, असे अनेकांस वाटले होते. पण त्या नव्या प्रेक्षकांनाही हंसीचे दुःख कळले, आणि त्यांतूनच नवे भक्त निपजले.

इकडे निकोलाई सेर्गेयेव्ह हा जुना व्यवस्थापक स्तेपानोव्ह पद्धतीने लिहिलेल्या बाडांच्या पेट्या घेऊन रशियाबाहेर पडला. त्या बाडांवरून त्याने लंडनला 1921 आणि 1939 साली ‘निद्रिस्त सुंदरी’ उभी करण्यास साहाय्य केले, आणि 1946 साली युद्धानंतर कॉव्हेंट गार्डन येथील ऑपेरागृह पुन्हा उघडले ते याच बॅलेने. पण बाडांत सारे काही नसते. पाऊल कोठे पडावे हे लिहिता येते. ते का पडते, हे लिहिता येत नाही. ते सांगावयास कार्साविनासारखी वृद्ध नर्तकी लंडनमध्ये बसलेली होती. मार्गो फॉन्टेनला तिने आपल्या जुन्या भूमिका स्वतः उभे राहून शिकविल्या. हा वारसा देणारीघेणारी माणसे जशी रंगभूमीवर हवीत, तशी समोरही हवीत. कारण ‘पूर्वी हे असे नव्हते’ असे म्हणणारा एक तरी म्हातारा प्रेक्षकांत नसेल, तर रंगभूमीवरील चूक पाहता पाहता परंपरा होऊन बसते.

पाव्हलोव्हाचा आणि आपला संबंध जवळचा आहे. 1922-23 च्या पूर्वेकडील दौऱ्यात ती मुंबई आणि कलकत्ता येथे नाचून गेली. येथून परतताना तिने जे मनात नेले, त्यातून 1923 साली लंडनला दोन गोष्टी निघाल्या. एक, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून बसविलेला बॅले. दुसरी, राधाकृष्णाचे नृत्य, ज्यात तिच्याबरोबर कृष्ण होऊन नाचला तो चित्रकलेचा विद्यार्थी उदय शंकर. 1928-29 साली ती पुन्हा हिंदुस्थानात आली. रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्याकडून बॅले शिकावयास गेल्या, तेव्हा ‘तुमच्या देशाच्या नृत्याकडे पाहा’ अशा अर्थाचा सल्ला तिने त्यांना दिला. मुंबईत राहणाऱ्या मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनाही तिचे उत्तेजन लाभले. पुढे त्यांनी कथकाला नाट्यकथेची जोड देऊन आपली मंडळी युरोपभर नेली, आणि खंडाळ्यास नृत्यशाळा काढली. ज्या काळी आपल्याकडील सुशिक्षित घरांत नाचाचे नाव काढणेही अप्रतिष्ठेचे होते, त्या काळी एका परक्या नर्तकीने आपल्या माणसांस स्वतःच्या ठेव्याकडे परत वळविले. उत्तम कलावंत आपल्या भक्ताला स्वतःपाशी अडकवून ठेवीत नाही, याचे हे उदाहरण.

23 जानेवारी 1931 रोजी पाव्हलोव्हा हेग येथे वारली. त्यानंतर दोनच दिवसांनी लंडनमध्ये एका बॅलेसंस्थेचा प्रयोग होता. मध्येच वादकांनी सँ-साँचे ‘हंस’ हे सूर धरले. त्याच सुरांवर ती आपले मरणोन्मुख हंसीचे नृत्य करीत असे. पडदा वर गेला. रंगभूमी रिकामी होती. त्या रिकाम्या जागेवर फक्त प्रकाशाचा एक झोत पडलेला होता. सारे प्रेक्षक आपण होऊन उभे राहिले. त्या काही मिनिटांत तेथे कोणी नाचत नव्हते, आणि तरीही प्रत्येकाने ते नृत्य पाहिले. भक्त म्हणजे काय, याची व्याख्या कोणी मागितली, तर मी या प्रसंगाकडे बोट दाखवीन.

राहता राहिली ताल्योनी. 1870-71 च्या युद्धाच्या सुमारास तिची संपत्ती लयास गेली, आणि जिच्या जोड्यांची पक्वान्ने झाली, ती म्हातारपणी लंडनमध्ये श्रीमंतांच्या मुलींस नाच आणि चालण्याबोलण्याची रीत शिकवून पोट भरू लागली. 1884 साली ती मार्सेय येथे वारली. पॅरिसच्या मोंमार्त्र दफनभूमीत ताल्योनी हे नाव कोरलेले एक थडगे आहे. तरुण नर्तकी तेथे येतात आणि झिजलेले, फाटलेले नाचाचे जोडे त्यावर ठेवून जातात. पावसात ते कुजतात, मग नवे येतात. जाणकार सांगतात की, ते थडगे तिचे नसून तिच्या आईचे आहे. ठेवणाऱ्यांपैकी काहींना हे ठाऊकही असेल. तरी जोडे येतच आहेत.